नटाचा अर्धा फेरा

दोन हजार पंधरा साल. मी बासष्ट वर्षांचा होतो, आणि तुमच्यासारख्या माणसाकडून शिकावं असं आपल्यात काही कमी राहिलेलं नाही, असं माझं ठाम मत होतं. ते मत मी अजून पुरतं सोडलेलं नाही, बर्वे. तुम्ही मेलात म्हणून सोडीन असंही समजू नका.

तुमच्या मुलीनं, मृणालनं, सगळ्यांना सांगितलंय की बाबांबद्दल एकेक पान लिहून द्या. पंधराव्या दिवशी सगळे जमतील तेव्हा वाचायचं म्हणे. तुमच्या कारखान्यातले साहेब लोक लिहितील, शेजारपाजारचे लिहितील. मला तिनं फोन केला आणि म्हणाली, "नाना, तुम्ही नुसतं बोला, मी लिहून घेईन." पोरगी चांगली आहे, तुमच्यावर गेलेली नाही. मी म्हटलं, बघू. आणि आता कागद घेऊन बसलोय. ही अक्षरं माझ्या हाताची आहेत. वाकडी असतील, पण माझी आहेत. माझी चौथीपर्यंत शाळा झाली. मला वाचता येतं, लिहिता येतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आपलं सगळं भांडण त्याच्यावरच अडलेलं आहे. तुम्ही कसले मोठे होता ते बाकीचे सांगतील. मला तुमच्याशी बोलायचंय. आणि पहिल्यांदाच असं होतंय की तुम्ही मधे बोलणार नाही.

हडपसरला माझी शेड. टेम्पोचा सांगाडा आला की त्यावर बॉडी चढवायची, बाजूचे फाळके बसवायचे, ड्रायव्हरच्या पाठीमागं लोखंडी जाळी ठोकायची, हे मी चाळीस वर्षं केलं. तुम्ही आलात ते भर उन्हात, काखेत कागदाची गुंडाळी, डोक्याला रुमाल. नाव नाही, गाव नाही. मी जाळीच जोडत होतो. माझ्या पाठीमागं उभं राहून तुम्ही विचारलंत, ही कशासाठी. मी म्हटलं, मागचा माल पुढं येऊ नये म्हणून.

"आणि आला तर?"

"जाळी अडवते."

"आणि जाळीच आली तर?"

मी वेल्डिंगची काच वर करून तुमच्याकडं बघितलं. चाळीस वर्षांत दोनदा आली होती जाळी. माल सरकला, वेल्ड सुटला, आणि तुटलेले गज ड्रायव्हरच्या पाठीत. दोन्ही जाळ्या माझ्या हातच्या होत्या. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं, आणि एका अनोळखी, बोलण्यावरून पेठेतल्या वाटणाऱ्या माणसाला तर सांगणारच नव्हतो. म्हणून मी म्हटलं, काम असेल तर बोला, नसेल तर सावली पलीकडं आहे.

मग तुम्ही नाव सांगितलंत. गाड्यांच्या मोठ्या कारखान्यात तीस वर्षं डिझाइनला होतात. रिटायर झालात, शनिवार पेठेत राहता, बायको गेली, एक मुलगी. तिथं तुमचं कुणी ऐकलं नाही. माणसं नेणाऱ्या गाडीला सगळं करतात, पण माल नेणाऱ्या गाडीतला ड्रायव्हर हा मालातच धरलेला असतो, असं तुम्ही म्हणालात. वाक्य चांगलं होतं. मी तसं बोललो नाही. तुम्ही माझ्या टेबलावर गुंडाळी उघडलीत. ड्रायव्हरच्या सीटमागं जाळीच्या जागी जाड प्लास्टिकची भिंत. काचेसारखी आरपार दिसणारी, मधे सुपासारखी खोलगट, आणि कडेनं दहा बोल्टांनी गाडीला धरलेली.

मला हसू आलं. मी म्हटलं, साहेब, बादल्या बनवा. तरी बादलीवर माणूस बसला की फुटते.

"तुम्ही बसलात तर फुटेल," तुम्ही म्हणालात. "मी साधारण माणसाबद्दल बोलतोय."

तिथंच तुम्हाला हाकलायला हवं होतं. पण तुम्हाला लाकडी साचा कोरणारा माणूस हवा होता. हडपसरमध्ये तसा मी एकटाच उरलो होतो आणि ते तुम्हाला माहीत होतं. मला ते सूप करून बघायचं होतं. आता हे कबूल करायला काही हरकत नाही.

मग वर्षभर तुम्ही माझं डोकं खाल्लंत. साच्याची कड दोन सूत जास्त गोल करा. सगळं मोजलेलं, सगळं हळू आवाजात, आणि सगळ्याच्या आधी "अहो मिस्त्री". मला अरे-तुरे करणारे मालक परवडले. तुमच्या "अहो"नं मात्र माणूस ऑफिसातल्या बाकावर बसवल्यासारखा व्हायचा. शीट भट्टीत घालायच्या आधी दिवसभर मंद आचेवर वाळवायची, असं तुम्ही सांगितलंत. मी म्हटलं, प्लास्टिकला कसली ओल? सरळ भट्टीत घातली. बाहेर काढली तर अंगभर फोड. तुम्ही आलात, चष्मा वर केलात, शीटवर बोटाची टिचकी मारलीत आणि म्हणालात, "पापड छान झालेत. आता पार्टिशन करू." माझी माणसं तोंड फिरवून हसली. माझीच माणसं.

लोखंड आणि प्लास्टिक हा आपला वाद तर मिटलाच नाही. तुमचं म्हणणं, लोखंड शेवटपर्यंत ताठ राहतं आणि मग एकदम सुटतं. प्लास्टिक वाकतं, जोर पोटात घेतं आणि परत जागेवर येतं. मी म्हणायचो, वाकतं ते कामाचं नाही. तुम्ही म्हणायचात, तुम्ही माणसांबद्दल बोलताय, मी शीटबद्दल.

शीट तयार झाली तेव्हा परीक्षा घ्यायची ठरली. मी दोन लोखंडी चॅनेल तिरपे लावले. वर ट्रॉली, ट्रॉलीत वाळूची सहा पोती, आणि ती दोरानं ओढून धरलेली. खाली भंगारातल्या एका टेम्पोचं केबिन, त्यात शीट. बोल्ट तुम्ही स्वतः बसवलेत, मला हात लावू दिला नाहीत. दोराला मी. मी वाट बघत होतो तुम्ही बाजूला होण्याची. तुम्ही केबिनचं दार उघडलंत आणि ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसलात.

"सोडा, मिस्त्री."

मी म्हटलं, आधी उतरा.

"ड्रायव्हर उतरतो का?"

मी म्हटलं, तुम्ही मेलात तर मला आत टाकतील.

"मेलो तर तुमचं खरं ठरेल. एवढी संधी परत यायची नाही."

मी सोडला दोर. रागानं सोडला, हे खरं सांगतो. ट्रॉली सुटली, धडकली. शीट फुगली ती तुमच्या डोक्यामागचे केस हलवून परत गेली आणि ट्रॉली माघारी फेकली गेली. तडकल्याचा बारीक आवाज नाही, एक चीर नाही. तुम्ही उतरलात, शीटवरून हात फिरवलात आणि म्हणालात, चहा सांगा, माझ्यात साखर नको. मग चहा पिताना तुमची बशी वाजत होती. वाजू नये म्हणून तुम्ही ती टेबलावर ठेवलीत. मी दुसरीकडं बघितलं. त्या दिवशी मला तुमच्याबद्दल जे वाटलं ते मी इथं लिहिणार नाही. ते लिहायला तुमचे कारखान्यातले आहेत.

एका माल वाहणाऱ्या मालकानं आपल्या चौदा गाड्यांना ती पार्टिशनं बसवायला दिली. तेवढ्यात तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. तुम्ही आठ दिवस येणार नव्हता. जाताना तुम्ही मला एक कागद दिलात. मी हातात काम असल्यासारखं केलं आणि कागद फळीवर ठेवायला सांगितला. तुमच्यादेखत वाचायला मला लाज वाटायची. मी अक्षर अक्षर लावून वाचतो, ओठ हलतात माझे. ते तुम्ही बघावं अशी माझी इच्छा नव्हती.

तुम्ही गेल्यावर मी तो वाचला. तुमचं अक्षर छापल्यासारखं. नट हातानं बसवा. मग पान्यानं अर्धा फेरा द्या. त्याहून जास्त नको. उन्हात शीट फुगते, तिला सरकायला जागा हवी.

दोनदा वाचला, बर्वे. समजला. त्यात न समजण्यासारखं काही नव्हतं.

पण माझे उस्ताद सांगायचे, नट थांबला असं वाटलं की आणखी पाव फेरा द्यायचा आणि वर लाल रंगाचा ठिपका लावायचा. ठिपका म्हणजे माझा शब्द, हा नट आता हलणार नाही. मी पंधराव्या वर्षापासून ठिपके लावत आलो. आणि आता माझ्या शेडमधून गाड्या जाणार त्या ढिल्या नटांच्या? कुणी पाना लावून बघितला तर म्हणेल, मिस्त्री म्हातारा झाला, हातात जोर नाही. मी आवळले. दहाच्या दहा. चौदाच्या चौदा गाड्या. तुमच्या अर्ध्या फेऱ्यावर माझे दोन, आणि वर लाल ठिपका.

पुढच्या मे महिन्यात भानुदासच्या गाडीत फरशीच्या पेट्या होत्या. भानुदास त्या मालकाकडचा ड्रायव्हर, तिशीच्या आतला, नवीन लग्न झालेला. सोलापूर रस्त्यावर एक रिक्षा आडवी आली, त्यानं ब्रेक मारला, पेट्या सरकल्या. शीट मधे फुटली नाही. उजवीकडचा वरचा कोपरा बोल्टांपासून फाटला, आणि त्या फटीतून एक पेटी आली ती त्याच्या खांद्यावर. डॉक्टर म्हणाले, पार्टिशन नसतं तर माणूस जागेवर गेला असता. आणि नीट बसवलेलं असतं तर संध्याकाळी घरी जेवला असता. ते डॉक्टर म्हणाले नाहीत. ते मी म्हणतोय.

गाडी माझ्याच शेडमध्ये आणली. प्रत्येक भोकाभोवती केसासारख्या बारीक चिरा, कोळ्यानं विणल्यासारख्या. ऊन खाऊन शीट फुगली असणार, आणि माझ्या नटांनी तिला हलू दिलं नसणार. चिरांच्या मधोमध माझा लाल ठिपका. तुम्ही शेजारी उभे होतात. तुम्ही ठिपक्याकडं बघितलंत. माझ्याकडं बघितलं नाहीत. विचारलंत काय? काही नाही. मी तयार होतो. तुम्ही विचाराल, मी भांडेन, तुम्ही चार शब्द लावाल, मी सहा लावीन, आणि त्यातच कुठंतरी खरं बाहेर पडेल. माणसं असंच खरं बोलतात. तुम्ही रुमालानं हात पुसलेत आणि निघून गेलात.

दोन दिवसांनी मालकानं सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. त्याचे ड्रायव्हर, त्याचा मॅनेजर, भानुदासचा मेहुणा, दहा-बारा माणसं. मालकानं विचारलं, हे कुणामुळं झालं? मी तोंड उघडायच्या आत तुम्ही उभे राहिलात.

"चूक माझी आहे. नट किती आवळायचे हे मी कागदावर लिहून गेलो. मिस्त्रींना वाचता येत नाही. हे मला कळायला हवं होतं, त्यांना हातानं दाखवून जायला हवं होतं. त्यांचा काही दोष नाही."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. कीव येऊन बघितलं. एक ड्रायव्हर हळूच म्हणाला, बिचारे नाना. मी बिचारा.

माझ्याकडं बोलायला दोन वाक्यं होती. पहिलं, मला वाचता येतं. आणि ते बोललो की दुसरं वाक्य कुणीतरी बोलणारच होतं, मग का आवळले? मी खाली फरशीकडं बघितलं. अडाणी ठरलो. ज्या माणसानं उभ्या जन्मात कुणाला आपल्याला अडाणी म्हणू दिलं नाही, तो बारा माणसांत अडाणी ठरला आणि गप्प बसला, कारण दुसरं त्याहून वाईट होतं. हे तुम्ही माझं केलंत, बर्वे. उपकार म्हणून केलंत.

मालकानं तुम्हाला परत दारात उभं केलं नाही. भानुदासच्या घरच्यांनी तुम्हाला नाही नाही ते ऐकवलं. माझं काम मात्र चालू राहिलं. उरलेल्या तेरा गाड्या तुम्ही एकेक शोधून काढल्यात. मालकाच्या नकळत, ड्रायव्हरांच्या हातापाया पडून. स्कूटरच्या डिकीत पाना घेऊन तुम्ही पुणंभर फिरलात आणि सगळ्या शीटा नव्या बसवल्यात. मला म्हणालात, येता का? मी म्हटलं, मला कामं आहेत. नव्हती.

मग तुम्ही ती नळी आणलीत. पितळेची छोटी नळी, शीटच्या जाडीपेक्षा केसभर लांब. ती भोकात बसते आणि बोल्ट तिच्यातून जातो. नट कितीही आवळा, दाबली जाते ती नळी, शीट आपली मोकळी. माझ्या तळहातावर ठेवलीत आणि म्हणालात, आता तुम्हाला हवं तेवढं आवळा, मिस्त्री. तुम्हाला वाटलं असेल मोठी युक्ती केली. युक्ती होतीच. त्यानंतर दुसऱ्या मालकांच्या गाड्यांना बसवलेल्या एकाही शीटला चीर गेलेली नाही, आणि आज त्या नळीमुळं कितीतरी पोरं संध्याकाळी घरी जातात. हे दातओठ खाऊन लिहितोय, पण खोटं लिहिणार नाही. तरी सांगतो, ती नळी बघून मला झोंबलं. तुम्ही प्लास्टिक बदललं नाहीत, आकार बदलला नाहीत. माझा हात सुधारणार नाही असं धरून चाललात आणि माझ्या हाताला टोपण घातलंत.

आणि वर चित्रं! त्यानंतर तुम्ही मला कधी एक अक्षर लिहून दिलं नाहीत. सगळं चित्रात. हात काढायचात, पाना काढायचात, बाण काढायचात, भट्टीतून निघणारी वाफसुद्धा काढायचात. सुंदर काढायचात, मेलं तेही. मी त्या चित्रांकडं मान हलवून बघायचो. आठ वर्षं मला माझ्या शेडमध्ये पेपर उघडता आला नाही. तुमच्या स्कूटरचा आवाज आला की पेपर पोत्याखाली. एकदा घडी करायला वेळ मिळाला नाही म्हणून त्यात वडापाव गुंडाळला आणि तुम्हालाच खायला दिला. तुमच्या घराच्या दारावर पाटी, बेल एकदाच दाबावी, आत माणसं राहतात. मी वाचायचो आणि मुद्दाम तीनदा दाबायचो. तुम्ही दार उघडून म्हणायचात, या, तुम्हीच असणार. मला वाटायचं, फसला म्हातारा.

आता मला खात्री नाही.

महिन्यापूर्वी शेवटचा आलो होतो तेव्हाचं सांगतो. तुम्ही खाटेवर बसलेले, पायाला सूज. मृणाल चहा टाकायला आत गेली. पेपर आपल्या दोघांच्या मधे पडलेला. तुम्ही म्हणालात, "मिस्त्री, ती मधल्या पानावरची बातमी जरा वाचा. चष्मा सापडत नाही."

मी म्हटलं, "मला कुठं वाचता येतं, साहेब?"

तुम्ही माझ्याकडं बघत राहिलात. मग म्हणालात, "अस्सं. बरं." आणि मान भिंतीकडं वळवलीत.

चष्मा तुमच्या सदऱ्याच्या खिशात होता. काडी बाहेर दिसत होती.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. कधीपासून? बेलमुळं कळलं? वडापावच्या कागदामुळं? की मालकाच्या ऑफिसात उभे राहिलात त्या दिवशीच माहीत होतं, आणि तरीही तुम्ही बारा माणसांसमोर खोटं बोललात? तुम्ही, ज्यांना साच्यातलं अर्धं सूत खोटं चालत नव्हतं? तसं असेल तर तुम्ही आठ वर्षं माझी चूक आपल्या अंगावर पांघरून फिरलात, आणि मी त्या पांघरुणाला शिव्या देत राहिलो. माझी चूक मला परत द्यायला तुम्ही महिन्यापूर्वी एकदा हात पुढं केलात. चार ओळी वाचायच्या होत्या मला, बस. तेवढ्यानं झालं असतं. मी पुन्हा खोटं बोललो. त्याचा राग मला माझा येत नाही, तुमचाच येतो. आठ वर्षं गप्प बसलात ते बसलात, विचारलंत तेही असं आडून विचारलंत. सरळ विचारायचं होतं. मिस्त्री, तुम्ही वाचलात आणि तरी आवळलेत? सहा शब्द. पेठेतल्या माणसाला सहा शब्द सरळ बोलता येत नाहीत.

तुम्ही गेल्याचं मृणालनं दुपारी कळवलं. संध्याकाळी विद्युतदाहिनीपाशी मी होतो. लोक एकमेकांना हळू सांगत होते की बर्वे फार सरळ माणूस. मी कोपऱ्यात उभा होतो. निघताना मृणाल म्हणाली, नाना, उद्या सकाळी सात वाजता राख घ्यायला या, बाबांना आवडलं असतं. मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो नाही. ती तुमच्याजवळ काही बोलली असेल तर तिला सांगा, मिस्त्री मंडईत गेला होता.

हडपसरहून पहिली बस धरली. भानुदास मंडईच्या बाहेर फुटपाथवर बसतो, आलं आणि लिंबं घेऊन. गाडी सुटल्यापासून तेच करतो. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, डाव्यानंच तराजू धरतो. मला बघून उठायला लागला. मी म्हटलं, बस. सांगितलं, बर्वे गेले.

"कवा?"

"काल."

तो लिंबांवर पाणी मारत राहिला. मग मी उभ्या उभ्याच सांगितलं. मला वाचता येतं, भानुदास. तेव्हाही येत होतं. कागदावर अर्धा फेरा लिहिलं होतं, मी वाचलं, आणि मीच आवळले. बर्वेंची काही चूक नव्हती. माझी होती.

एक बाई आलं घ्यायला आली. त्यानं तिला आलं मोजून दिलं. ती जाईपर्यंत मी तसाच उभा. मला वाटलं तो शिव्या देईल, आणि मी त्या ऐकायच्या ठरवूनच आलो होतो. तो माझ्याकडं न बघता बोलायला लागला.

"ते दर रविवारी यायचे. शनिवार पेठंतनं चालत. सहा लिंबं मागायचे. मी मुद्दाम वाळकी निवडून द्यायचो, रस नसलेली, दगडासारखी. त्यांना कळायचं, नाना. हातात घेतल्यावर कळतंच की. पण कधी बदलून मागितली नाहीत. म्हणायचे, बरी आहेत. आठ वर्षं."

मग तो वाकला. ढिगाच्या मागं एक टोपली होती, टाकायच्या मालाची. त्यातून डाव्या हातानं तो लिंबं काढायला लागला. एकेक दाबून बघत होता, आणि जे जरा तरी मऊ लागेल ते परत टाकत होता. सहा झाली. ती त्यानं ओंजळीत धरली आणि पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं बघितलं.

मी पिशवी आणली नव्हती. डोक्यावरची टोपी काढली आणि पुढं धरली.